रक्ताच्या बाटलीपासून केसांच्या फवाऱ्यापर्यंत : एका बहुवारिकाची पेटंटकथा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

जखमेवर लावायचे तपकिरी रंगाचे आयोडीनचे औषध, डोकेदुखीची गोळी आणि केस जागच्या जागी बसविणारा सुगंधी फवारा या तीन वस्तूंमध्ये साम्य काय, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण त्याला कोडे समजू. परंतु हे कोडे नाही. या तिन्ही वस्तूंमध्ये पुष्कळदा एकच पदार्थ असतो. त्याचे नाव पॉलिव्हिनिल पायरोलिडोन. नाव लांबलचक असल्याने व्यवहारात त्याला 'पीव्हीपी' म्हणतात. १९३९ साली जर्मनीत त्याचे पेटंट नोंदविले गेले. ज्याच्या नावे ते नोंदविले गेले तो रसायनशास्त्रज्ञ केशभूषेचा विचारही करीत नव्हता. हा पदार्थ जखमी सैनिकाच्या नसेतून विलायती स्त्रियांच्या केसांवर कसा आला आणि तेथून आपल्या गावातील सलूनच्या फळीवर कसा पोहोचला, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. आणि नुसती मनोरंजकच आहे असेही नाही.

मी कला शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीनंतर सुटला. तेव्हा या लेखात सूत्रे व समीकरणे नाहीत. विज्ञान शाखेतील मित्रांनी ती आपल्या मनाने भरून घ्यावीत.

बहुवारिक म्हणजे काय?

प्रथम 'बहुवारिक' हा शब्द समजून घेऊ. इंग्रजीत ज्याला पॉलिमर म्हणतात त्याला मराठीत बहुवारिक हा शब्द रूढ झाला आहे. फुले ओवून हार करावा त्याप्रमाणे एकाच प्रकारचे लहान लहान रेणू एकमेकांना जोडले गेले, की त्यांची शेकडो-हजारो कड्यांची साखळी तयार होते. ती बहुवारिक होय. कापूस हे बहुवारिक आहे, भाताची पेज घट्ट करणारा स्टार्च हे बहुवारिक आहे, आणि ज्या केसांबद्दल आपण बोलणार आहोत तो केसही केराटिन नावाच्या प्रथिनाचा, म्हणजे बहुवारिकाचाच बनलेला आहे. इतके लांब रेणू असू शकतात हेच पूर्वी शास्त्रज्ञांना मान्य नव्हते. हर्मन स्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली हा विचार मांडला, तेव्हा त्याला बराच विरोध सहन करावा लागला. त्याच कार्याबद्दल त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली. मधल्या तेहतीस वर्षांत जगात नायलॉन आले, प्लास्टिकचा प्रसार झाला, आणि आपल्या कथेतील पीव्हीपीही आले.

वॉल्टर रेपे आणि धोक्याचा वायू

पीव्हीपीचा जनक वॉल्टर रेपे. जन्म १८९२, मृत्यू १९६९. लुडविग्सहाफेन येथील रंग व रसायनांच्या प्रचंड कारखान्यात तो काम करीत असे. हा कारखाना त्या काळी आय. जी. फार्बेन या जर्मन उद्योगसमूहाचा भाग होता. रेपेने आपल्या अभ्यासासाठी जो वायू निवडला त्याचे नाव अॅसिटिलीन. वेल्डिंगच्या दुकानात निळसर झोत निघतो तो याच वायूचा. जत्रेत पूर्वी ज्या कार्बाइडच्या बत्त्या लागत, त्याही याच वायूवर जळत. अॅसिटिलीन दाबाखाली आणले की त्याचा भयंकर स्फोट होतो. म्हणून दाबाखाली त्याच्यावर प्रयोग करू नयेत असाच त्या काळचा दंडक होता. रेपेने १९२८च्या सुमारास नेमके तेच करावयास घेतले. खास बनावटीची जाड उपकरणे, दुसऱ्या वायूंची भेसळ अशा युक्त्या योजून त्याने या वायूला माणसाळविले आणि त्यापासून नव्या पदार्थांची मालिकाच निर्माण केली. आजही रसायनशास्त्रात ही शाखा 'रेपे रसायन' म्हणून ओळखली जाते.

अॅसिटिलीनपासून पायरीपायरीने जो एक पदार्थ तयार झाला तो व्हिनिल पायरोलिडोन. आणि त्याच्या कड्या जोडल्या की पीव्हीपी. ही पांढरी भुकटी पाण्यातही विरघळते आणि अल्कोहोलमध्येही विरघळते. वाळली की तिचा काचेसारखा पातळ, पारदर्शक पापुद्रा बनतो. शिवाय तिच्या रेणूतील एक भाग प्रथिनांतील बंधासारखा असल्यामुळे ती प्रथिनांशी, म्हणजे केसांशी व त्वचेशी, चांगली सलगी करते. हे तीन गुण वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढची सारी कथा या तीन गुणांची आहे.

रक्ताऐवजी

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे प्राण रक्तस्रावाने जात. रक्त साठविणे व आघाडीवर पोहोचविणे अवघड. नुसते मिठाचे पाणी नसेत सोडले तर ते फार वेळ टिकत नाही. रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरून जाते. रक्तात पाणी धरून ठेवण्याचे काम मोठ्या रेणूंची प्रथिने करीत असतात. मग प्रथिनांऐवजी दुसरा एखादा मोठा, निरुपद्रवी, पाण्यात विरघळणारा रेणू वापरला तर? जर्मन डॉक्टरांनी पीव्हीपी वापरून पाहिले. 'पेरिस्टोन' या नावाने हा द्रव तयार झाला, आणि हेश्ट व वेझे या दोघांनी १९४३ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. ते रक्त नव्हते, त्यात प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नव्हती. परंतु रक्तदाब सावरून धरण्यास ते उपयोगी पडत असे.

पुढे त्यातील एक दोष दिसून आला. साखळी लहान असेल तर ती मूत्रपिंडावाटे बाहेर जाते. फार लांब असेल तर शरीर तिला तोडू शकत नाही आणि ती यकृत, प्लीहा इत्यादी ठिकाणी साठून राहते. म्हणून हा उपयोग मागे पडला व डेक्स्ट्रानसारखे पदार्थ आले. परंतु यातून एक धडा मिळाला. बहुवारिकाच्या बाबतीत तो कशाचा बनला आहे एवढेच विचारून भागत नाही. त्याची साखळी किती लांब आहे, हेही विचारावे लागते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. ज्या आय. जी. फार्बेनच्या छत्राखाली रेपेचे संशोधन चालले होते, त्याच कंपनीने आउशवित्स येथील छळछावणीजवळ कारखाना उभारून कैद्यांना मरेपर्यंत राबविले. १९४७-४८ साली न्युरेंबर्ग येथे तिच्या संचालकांवर खटला झाला आणि तेरा जण दोषी ठरले. पेटंटाच्या कागदावर रेणूची रचना लिहिलेली असते. तो कागद कोणत्या घरात लिहिला गेला, हे मात्र इतिहासालाच सांगावे लागते. आम्ही इतिहास विषय घेतो तो वाया जात नाही, असे मला यावरून वाटते.

लाखेची जागा कोणी घेतली?

युद्ध संपल्यावर जर्मन कारखान्यांतील ज्ञान दोस्त राष्ट्रांच्या हाती आले. अमेरिकेत जनरल अॅनिलिन अँड फिल्म नावाची कंपनी होती. तिचा संबंध आय. जी. फार्बेनशी होता म्हणून अमेरिकी सरकारने ती १९४२ साली शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली होती. याच कंपनीने पुढे अमेरिकेत पीव्हीपीचे उत्पादन केले.

त्याच सुमारास फवाऱ्याचा डबाही तयार होत होता. नॉर्वेच्या एरिक रोथाइमने १९२६-२७ साली फवाऱ्याच्या डब्याची मूळ कल्पना काढली होती. महायुद्धात अमेरिकेच्या लाइल गुडह्यू व विल्यम सुलिव्हन यांनी सैनिकांना डासांपासून वाचविण्यासाठी कीटकनाशकाचा हातात धरण्याजोगा डबा बनविला. १९५३ साली रॉबर्ट अॅबप्लानाल्प याला स्वस्त व न गळणाऱ्या झडपेचे पेटंट मिळाले आणि डबा घरोघर गेला. डासांचे औषध गेले आणि त्याच डब्यात केसांचा फवारा आला!

सुरुवातीच्या फवाऱ्यात चिकट द्रव्य कोणते होते? आपल्याकडची लाख! कुसुम, पळस, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ तयार करतात, तिच्यापासून चपडा बनतो; झारखंडातील रांचीचा मुलूख यासाठी प्रसिद्ध असून तेथे नामकुम येथे १९२४ साली लाख संशोधन संस्थाही स्थापन झाली. लाख मद्यार्कात विरघळते, केसांवर कडक थर देते. परंतु साध्या पाण्याने निघत नाही. केस लाकडासारखे ताठ होत. पीव्हीपी मात्र पाण्याने सहज धुतले जाते. त्यामुळे लाख मागे पडली आणि रेपेचा पदार्थ पुढे आला. १९६० साली शिकागोच्या मार्गारेट व्हिन्ची हेल्ट या केशरचनाकार बाईंनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उंच केशरचना काढली. त्या काळच्या हिंदी चित्रपटांतील नायिकांचे उंच फुगविलेले केस आपण पाहिले असतील. फवाऱ्यावाचून असा डोलारा संध्याकाळपर्यंत उभा राहणे कठीणच.

फवारा केस कसे धरतो?

पुष्कळांची अशी समजूत असते की फवारा केसांना तेलासारखे लिंपून टाकतो. वस्तुतः तसे नाही. फवाऱ्यातून अगदी बारीक थेंब उडतात. ते केसांवरून घरंगळून जेथे दोन केस एकमेकांना ओलांडतात त्या सांध्यात गोळा होतात. अल्कोहोल उडून जाते आणि सांध्यात बहुवारिकाचा सूक्ष्म थेंब वाळून राहतो. लोखंडी जाळीला जागोजाग डाग द्यावेत तसा हा प्रकार आहे. म्हणून अगदी थोड्या द्रव्यात हजारो केस एकमेकांना धरून राहतात.

परंतु पीव्हीपी हवेतील ओलावाही शोषून घेते. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात असे केस मऊ व चिकट पडतात. यावर उपाय म्हणून व्हिनिल पायरोलिडोनच्या कड्यांमध्ये व्हिनिल अॅसिटेट नावाच्या, पाण्याशी कमी मैत्री असलेल्या दुसऱ्या कड्या ओवल्या गेल्या. दोन प्रकारच्या फुलांचा हा हार. कोणती फुले किती घ्यावयाची याच्या प्रमाणावर पुढे कितीतरी पेटंटे निघाली.

धुऊन गेल्यावरही राहणारा पदार्थ

केस मऊ करणाऱ्या कंडिशनरची युक्ती याहून निराळी आहे. पाण्यात केसांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्‌भार असतो. रंग लावून, ब्लीच करून वा उन्हाने खराब झालेल्या टोकांवर तो अधिक असतो. धन भार असलेले बहुवारिक घेतले तर ते केसाला आपोआप चिकटते, आणि जेथे केस अधिक खराब तेथेच अधिक चिकटते. शाम्पूतील फेस करणाऱ्या द्रव्याशी त्याची जोडी जमते. बाटलीत दोघे गुण्यागोविंदाने राहतात. डोक्यावर पाणी ओतून शाम्पू पातळ केला की ती जोडी द्रवातून वेगळी होऊन केसांवर बसते. म्हणजे आपण 'धुऊन टाकले' म्हणतो, त्याच क्षणी औषध लागू पडते!

अशा धन भाराच्या बहुवारिकांपैकी एक तर आपल्या चांगल्या ओळखीच्या भाजीपासून, गवारीपासून, होते. गवारीच्या बियांतील डिंक रासायनिक क्रियेने बदलून शाम्पूत घालतात. जगातील बहुतेक गवार भारतातच, विशेषतः राजस्थानात पिकते. जी भाजी आपण नाक मुरडून ताटाच्या कडेला सारतो, ती परदेशातील शाम्पूच्या बाटलीत जाऊन बसलेली असते.

दुकानातला प्रश्न

माझे आजोबा बलुत्यावर हजामती करीत. काखेत धोकटी घेऊन ते वाड्यावस्त्यांवर जात. वडिलांनी बाजारपेठेत खुर्च्यांचे दुकान थाटले. महाविद्यालयाची पायरी चढणारा आमच्या घरातील मी पहिलाच. दुकानातील जेलच्या बरण्या व फवाऱ्याचे डबे यांवरील बारीक इंग्रजी अक्षरे वडिलांना वाचता येत नाहीत. ती मी वाचू लागलो, तेव्हा या रेणूची मला ओळख झाली. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा खुर्चीवर बसते, फवारा घेते आणि जाते. खुर्चीमागे उभा असणारा मात्र तोच फवारा दिवसभर हुंगतो. तेव्हा ते काय आहे, हे जाणण्याची खरी गरज गिऱ्हाइकापेक्षा त्याला अधिक आहे.

या प्रश्नाचा विचार पूर्वी झालेला आहे. १९५८ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी अशी शंका काढली, की केसांच्या फवाऱ्यातील बहुवारिक श्वासावाटे फुप्फुसात साठून विकार होत असावा. पुढे केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्यांवर बरेच अभ्यास झाले. परंतु फवाऱ्यामुळेच हा विकार होतो असा निर्णायक पुरावा मिळाला नाही. मात्र एवढे निश्चित समजले आहे, की मोठे थेंब नाकातच अडकतात आणि अगदी बारीक थेंब खोल फुप्फुसापर्यंत जातात. म्हणून फवारा मारताना खिडकी उघडी ठेवणे, तोंडाजवळ फवारा न मारणे, ही काळजी अनाठायी नाही. वडिलांनी आता पंखा दारातून बाहेर हवा जाईल असा लावून घेतला आहे.

दुसरा धोका डब्यातील वायूचा. पूर्वी यात क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू भरीत. ते जळत नाहीत, विषारी नाहीत, म्हणून त्यांचे फार कौतुक झाले. १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी दाखवून दिले, की हेच वायू वर जाऊन ओझोनचा थर नष्ट करू शकतात. अमेरिकेने १९७८ साली फवाऱ्याच्या डब्यांत त्यांचा वापर बंद केला, १९८७ साली माँट्रिअल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला. आता डब्यात बहुधा ब्युटेन, प्रोपेन असे वायू असतात. ओझोनला त्यांची बाधा नाही, परंतु ते पेट घेतात. देवघरातील समई किंवा पेटती सिगारेट यांच्याजवळ फवारा मारणे म्हणजे आगीशी खेळ आहे.

आयोडीनचा दुसरा जन्म

लेखाच्या आरंभी ज्या तपकिरी औषधाचा उल्लेख केला, त्याचाही उलगडा करू. आयोडीन जंतुनाशक खरे, पण पूर्वीचे टिंक्चर लावले की आग आग होई. १९५५ साली फिलाडेल्फिया येथे शेलान्स्की आडनावाच्या दोघा संशोधकांनी आयोडीन पीव्हीपीच्या साखळीत गुंतविले. साखळी आयोडीनला धरून ठेवते व थोडे थोडे सोडते. त्यामुळे जंतू मरतात आणि आगही फारशी होत नाही. आज प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या इस्पितळापर्यंत शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवर हे औषध लावले जाते. गोळीची भुकटी विस्कटू नये म्हणून बंधक म्हणूनही हाच पदार्थ उपयोगी पडतो. नसेत अपेशी ठरलेला रेणू त्वचेवर आणि पोटात यशस्वी झाला.

पेटंट : उघडे पत्र

आता 'पेटंट' या शब्दाकडे वळू. पेटंट म्हणजे काहीतरी कुलूपबंद गुपित, असा आपला समज असतो. खरे म्हणजे या शब्दाचे लॅटिन मूळ 'उघडे' या अर्थाचे आहे. पेटंट म्हणजे सर्वांना वाचता यावे असे उघडे पत्र. संशोधकाने आपली कृती इतकी स्पष्ट लिहून द्यावी की त्या विषयातील जाणकाराला ती करता आली पाहिजे. त्या बदल्यात ठरावीक काळापुरता तिच्यावर त्याचा हक्क राहील. आपल्या देशात १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून अमलात आला. त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनुसार आता ही मुदत अर्ज केल्यापासून वीस वर्षांची आहे. मुदत संपली की ज्ञान सर्वांचे. रेपेचे पेटंट केव्हाच संपले. आज पीव्हीपी कोणीही बनवू शकतो. आज पेटंटे निघतात ती त्याच्या नव्या मिश्रणांवर व नव्या उपयोगांवर.

परंतु यासाठी एक अट आहे. गोष्ट नवी असली पाहिजे. अमेरिकेत १९९५ साली हळदीने जखम भरून येते यावर पेटंट देण्यात आले होते! जखमेवर हळद दाबणे आपल्याकडे कोणत्या आजीला माहीत नाही? डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. डॉ. माशेलकर हे मूळचे गोव्याच्या माशेल गावचे, मुंबईत गरिबीत शिकलेले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झालेले. आणि त्यांचा स्वतःचा विषयही बहुवारिकांचाच. या लढ्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 'आमच्या आजीला हे ठाऊक होते' एवढे सांगून त्या वेळच्या अमेरिकी कायद्यापुढे भागत नव्हते. परदेशातील तोंडी परंपरा तेथे पुरावा ठरत नसे; जुने ग्रंथ, छापील लेख दाखवावे लागले. जे लिहिलेले होते तेच उपयोगी पडले.

मला या साऱ्या कथेतील हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. भिजविलेल्या जवसाचा बुळबुळीत चिकट रस हेही एक बहुवारिकच. तो केसांना लावला की केस बसतात, हे आमच्या घरातील बायकांना ठाऊक आहे. शिकेकाई, रिठे, मेथी यांचे प्रमाण, कोणत्या केसाला काय सोसते, टाळूवरून बोट कसे फिरवावे, हे आजोबांच्या बोटांत होते. 'शाम्पू' हा शब्दही आपल्या चंपीचाच भाऊबंद असून, पाटण्याच्या शेख दीन महंमद याने तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे गाजविला. मात्र आमच्याकडील हे ज्ञान कोणी कागदावर उतरविले नाही. ज्यांच्या हातात कसब होते त्यांच्या हातात लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांना धोकटीतील विद्या ही विद्या वाटत नव्हती. रेपेने जे केले ते लिहून ठेवले, म्हणून ऐंशीहून अधिक वर्षांनी एका खेड्यातील कला शाखेच्या विद्यार्थ्याला ते समजून घेता येते.

आपल्या महाविद्यालयात शेतकऱ्यांची, विणकरांची, कुंभारांची, कोळ्यांची मुले-मुली शिकत आहेत. प्रत्येकाच्या घरात काही ना काही कसब आहे, आणि ते जाणणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आपण सुटीत घरी जाऊ तेव्हा एक वही घेऊन जावी. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, प्रमाण, वेळ, ऋतू, पद्धत असे सारे तारखेनिशी लिहून ठेवावे. त्यातून पेटंट निघेलच असे नाही, निघावे अशीही अपेक्षा नाही. परंतु त्यासाठी रसायनशास्त्र यावे लागत नाही. नीट ऐकता यावे आणि नीट लिहिता यावे एवढे पुरे, आणि ते तर आपल्या शाखेचेच काम आहे.